पेपरशिवाय स्ट्रॉबेरी?

महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरावर एक वाक्य इतक्या खात्रीने बोलले जाते की त्याला आता कोणी पुरावा मागत नाही. मल्चिंग पेपरशिवाय स्ट्रॉबेरी होत नाही, हे ते वाक्य. कृषी सेवा केंद्रात आणि शेतकरी मेळाव्यात ते सारख्याच सहजतेने येते. कोणी पेंढ्याचे किंवा पाचटाचे नाव काढलेच, तर ‘ते परसबागेत ठीक आहे’ असे म्हणून विषय मिटवला जातो. मुळात हा पेपर नाही. नावात कागद असला तरी वाफ्यावर अंथरले जाते ते पॉलिथिलीन, आणि ही बोलण्याची सवय वाटते तितकी निरुपद्रवी नाही, कारण कागद म्हटले की तो कधीतरी कुजेल असे मन धरून चालते. शिवाय हे वाक्य अर्धे खरे आहे, म्हणूनच खोडायला अवघड जाते. उघड्या वाफ्यावर चांगली स्ट्रॉबेरी निघत नाही, हे निर्विवाद. फळ जमिनीला टेकते, त्याला साल म्हणावी अशी साल नसते, लाल माती एकदा चिकटली की ती धुऊन फळ विकता येत नाही. पण उघडा वाफा आणि पेपर या दोनच गोष्टी शेतकऱ्यापुढे ठेवायच्या, तिसरी मोजायचीच नाही आणि मग पेपर जिंकला म्हणून जाहीर करायचे, याला तुलना म्हणत नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे की पेपरचा हिशेब लागवडीपासून एप्रिलपर्यंत मांडून वही बंद केली जाते. तो जूनपर्यंत नेला तर शिल्लक वेगळी दिसते.

पेपरचे गुण नाकारून हा वाद जिंकता येणार नाही, आणि तसे करण्याची गरजही नाही. तो तण दाबतो, बाष्पीभवन रोखतो, ठिबकचे पाणी मुळांपाशी टिकवतो, चंदेरी बाजू वर असेल तर उजेड परतवून माव्याला आणि फुलकिड्यांना काही प्रमाणात चकवतो, आणि थंडीत माती थोडी उबदार ठेवून पहिली तोडणी लवकर आणतो. या शेवटच्या गुणाला बाजारात रोख किंमत आहे, कारण हंगामाच्या सुरुवातीचा दर नंतर राहत नाही. मात्र हे तंत्र कुठून आले ते लक्षात ठेवायला हवे. शेतीत प्लॅस्टिक आणण्याचे श्रेय अमेरिकेत केंटकी विद्यापीठातील एमरी एमर्ट यांना दिले जाते. त्यांचे काम १९४०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९५०च्या दशकात झाले. पुढे कॅलिफोर्नियात दरवर्षी नवी लागवड, उंच वाफे, मिथिल ब्रोमाइडची धुरी देऊन माती निर्जंतुक करणे आणि वर प्लॅस्टिक अशी एक पूर्ण पद्धत उभी राहिली. ओझोनच्या थराला घातक म्हणून मिथिल ब्रोमाइड माँट्रियल करारानुसार बाद झाले. कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीला मिळालेली शेवटची सूट २०१६ सालची होती. पद्धतीचा एक पाय असा गेला, दुसरा मात्र आपल्याकडे मातृरोपांबरोबर आला आणि निसर्गनियम असल्यासारखा रुजला. कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर वर्षभराचा पाऊस काही शे मिलिमीटर. महाबळेश्वरला तो सुमारे ५,५०० मिलिमीटर, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हा फरक हंगामात दिसत नाही, कारण आपलाही हंगाम कोरडाच असतो. तो दिसतो हंगाम संपल्यावर.

आता पेंढा काय करतो ते पाहू. स्वच्छ फळ आणि ओल टिकणे या दोन गोष्टींत तो पेपरच्या बरोबरीने उभा राहतो, हे पेपरवालेही फारसे नाकारत नाहीत. जे सांगितले जात नाही ते रोगांबद्दल. स्ट्रॉबेरीवरचा अँथ्रॅक्नोज आणि फळ चामड्यासारखे करणारी कूज हे रोग मुख्यतः पाण्याच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतात. रोगट फळावर थेंब आपटतो, फुटतो, आणि त्याचे बारीक शिंतोडे बीजाणू घेऊन शेजारच्या फळावर जातात. अमेरिकेतील ओहायोच्या संशोधकांनी १९९०च्या सुमारास कृत्रिम पाऊस पाडून हे मोजले. अँथ्रॅक्नोजचा सर्वांत जास्त फैलाव प्लॅस्टिकवर झाला, उघड्या मातीवर त्याहून कमी, आणि पेंढ्यावर सर्वांत कमी. कारण समजायला अवघड नाही. गुळगुळीत, ताणलेल्या पृष्ठभागावरून थेंब उसळतो आणि वर पाणी साचून राहते. पेंढ्याच्या काड्यांत तो अडकतो आणि खाली झिरपतो. ‘आमच्या हंगामात पाऊस पडतच नाही’ असे यावर म्हटले जाईल. ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस आणि हिवाळ्या-उन्हाळ्यातली अवकाळी या दोहोंना स्ट्रॉबेरीचा शेतकरी किती घाबरतो हे ज्याला माहीत आहे, तो हा युक्तिवाद फार ताणणार नाही. शिवाय उतारावरच्या शेतात जो पाऊस पडतो त्याचे पाणी कुठे जाते हाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात टोमॅटोवर केलेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो की प्लॅस्टिक अंथरलेल्या शेतातून, वनस्पतीच्या आच्छादनाच्या शेतापेक्षा दुप्पट ते चौपट पाणी आणि किमान तिप्पट गाळ वाहून गेला. त्या पाण्याबरोबर फवारलेली औषधेही गेली. पीक वेगळे, माती वेगळी, हे मान्य. पण छपरावरून पाणी वाहते आणि गवतावरून मुरते, यासाठी पीक कोणते आहे हे विचारावे लागत नाही.

आता तणाचा आक्षेप. सर्वांत जोरदार हाच आहे आणि त्याच्यात तथ्यही आहे. पातळ भुरभुरलेला पेंढा तण दाबत नाही, उलट त्याला सावली आणि ओल पुरवतो. पण इथे दोष जाडीचा आहे, पेंढ्याचा नव्हे. दोन ते तीन इंच दबलेला थर राहायचा तर एकरी २ ते ३ टन सामग्री लागते, आणि ‘पेंढा वापरून पाहिला, तण आलेच’ असे सांगितले जाते तेव्हा किती टाकला होता हे पहिल्यांदा विचारावे. दुसरा घोळ शब्दांचा आहे. पेंढा आणि गवत हे एकच समजले जातात. बी धरलेले डोंगरातले गवत कापून वाफ्यावर टाकणे म्हणजे तण पेरणेच. मळणी झालेल्या भाताच्या पेंढ्यात चुकार दाणे राहतात, ते झोडपून काढावे लागतात. उसाच्या पाचटात तर बी नसतेच, ते निव्वळ पान. हट्टी बारमाही तणांचे म्हणाल, तर लव्हाळ्याचे टोकदार कोंब पॉलिथिलीन भोसकून वर येतात, हे पेपर वापरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. तिथे दोन्ही आच्छादने हरतात आणि खुरपेच कामाला येते. तरीही पहिल्या महिन्यात पेंढ्याच्या वाफ्याला खुरपणी जास्त लागेल, हे मी लपवत नाही. मजुरीच्या आजच्या दरात ती रक्कम छोटी नाही, आणि तिचा विचार पुढे अनुदानाच्या संदर्भात करावाच लागेल.

थंडीचा मुद्दा जास्त नाजूक आहे, आणि त्यात पेंढ्याचे समर्थकच अधिक चुकतात. ओहायो, विस्कॉन्सिनसारख्या थंड प्रदेशांत हिवाळ्यात स्ट्रॉबेरी पेंढ्याखाली गाडतात, म्हणून पेंढा थंडीपासून वाचवतो असे सरसकट सांगितले जाते. तिथे रोप झोपलेले असते. त्याला फूल नसते, पान वाळलेले असते, आणि क्राऊन, म्हणजे रोपाचा मातीलगतचा गाभा, गोठू नये एवढाच हेतू असतो. वसंतात तोच पेंढा ओढून सरीत घेतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रोप फुलावर आणि फळावर असते, त्याला झाकून ठेवता येत नाही. उलट निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन दिवसभराची ऊब सोडत असते आणि पेंढा ती ऊब खाली अडवतो. त्यामुळे पेंढ्याच्या वर, नेमकी फुले असतात त्या थरात, हवा अधिक गार होते. वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दव गोठण्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्या खोलगट पट्ट्यात वाफ्यावर पेंढा अंथरण्याचा आग्रह मी धरणार नाही, तिथे तो सरीपुरता ठेवावा. पण दव गोठणारा पट्टा म्हणजे सगळा तालुका नव्हे. भिलारपासून पाचगणीपर्यंतच्या आणि खाली वाई-जावळीत उतरलेल्या शेतांना लिंगमळ्याचा नियम लावणे गैर आहे. लवकरच्या तोडणीचेही तसेच. पेंढ्याखाली माती गार राहते, पहिला बहर काही दिवस मागे पडू शकतो आणि तेवढा वरचा दर हुकतो. मार्च-एप्रिलमध्ये मात्र हीच गार माती उपयोगी पडते, कारण तेव्हा तापलेल्या मुळांमुळे फळ बारीक होत जाते. हंगामाच्या एका टोकाला गमावलेले दुसऱ्या टोकाला किती भरून निघते, याचे आकडे या डोंगरावरून यायला हवेत.

बाकीचे आक्षेप लवकर निकालात काढता येतात. पेंढा मातीतला नत्र खातो, हे खरे ठरते ते तो मातीत गाडला तर. वर अंथरलेला पेंढा फक्त स्पर्शाच्या पातळ थरातला नत्र धरतो, आणि ठिबकमधून खत घेणाऱ्या पिकाला ते जाणवू नये. याच पेंढ्यात टनामागे सुमारे १५ किलो पालाश असते आणि ते पाण्याबरोबर सुटून खाली उतरते, हे मात्र कोणी बोलत नाही. गोगलगायी आणि उंदीर यांची भीती खोटी नाही. पाऊस पुरता ओसरल्यावरच पेंढा टाकावा आणि क्राऊनपासून चार बोटे दूर ठेवावा, एवढी शिस्त पाळली तर ती आटोक्यात राहते. गोगलगायींना पेपरखालची ओलसर अंधारी जागाही वर्ज्य नसते. आणि हो, पेंढ्याच्या बाजूने दिला जाणारा एक लाडका पुरावाही मोडीत काढलेला बरा. स्ट्रॉबेरीच्या नावातच ‘स्ट्रॉ’, म्हणजे पेंढा, आहे, म्हणून हीच मूळ पद्धत, असे सांगतात. इंग्रजीत हे नाव हजार वर्षांपूर्वीचे आहे. आज आपण खातो ती बागेतली स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दोन अमेरिकी जातींच्या संकरातून जन्मली. नाव रानातल्या इवल्या फळाला पडलेले होते, आणि ते का पडले यावर भाषातज्ज्ञांचे एकमत नाही. नावावरून शेती ठरवू नये.

‘एवढा पेंढा आणायचा कुठून, तो तर जनावरांचा चारा’ हा प्रश्न मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. भाताचा पेंढा गोठ्यातून काढून वाफ्यावर टाका असे दुभत्या जनावरावर घर चालवणाऱ्याला सांगणे हे शहाणपण नव्हे. डोंगरावरच्या रानातला पालापाचोळा ओरबाडणे तर त्याहून वाईट. महाबळेश्वर-पाचगणी हा भाग जानेवारी २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे आणि तिथल्या जंगलाचा पाला जंगलालाच लागतो. पण पसरणीचा घाट उतरला की वाई, आणि वाईपासून पुढे कृष्णाकाठचा ऊस. एक हेक्टर उसामागे ८ ते १० टन पाचट निघते, म्हणजे एकरी ३ ते ४ टन. एका एकराच्या उसाचे पाचट एका एकर स्ट्रॉबेरीला पुरून उरते. कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे पाचट जाळू नका, सरीत कुजवा असे सांगत आली आहेत, तरी तोडणीनंतर शेतेच्या शेते पेटवली जातात. खोडव्याला पाचट हवे असते हे खरे. म्हणून जे कुजवतात त्यांच्याकडून घेऊ नये, जे जाळतात त्यांच्याकडून घ्यावे. पाचट फुगीर असते, ट्रक भरल्यासारखा दिसतो आणि वजन भरत नाही, म्हणून गाठी बांधणारे यंत्र लागेल. त्याच्या कडा धारदार असतात, म्हणून कुट्टी करावी लागेल. हा खर्च आहे. पण तो जिल्ह्यातच राहणारा खर्च आहे, आणि डोंगराखालच्या धुराचाही त्यात थोडा बंदोबस्त होतो.

आता जून. २५ मायक्रॉन जाडीच्या पॉलिथिलीनचे वजन चौरस मीटरला सुमारे २३ ग्रॅम भरते. एकराच्या सुमारे ४,००० चौरस मीटरांपैकी मातीत दाबलेल्या कडांसह ७० टक्के क्षेत्र झाकले असे धरले, तर एकरी जवळपास ६५ किलो प्लॅस्टिक अंथरले जाते. हजार एकरांमागे ६५ टन, दरवर्षी. हंगामाअखेर उन्हाने कडक झालेली ही फिल्म ओढली की फाटते. दाबलेल्या कडा मातीत राहतात. निघते तीही ओल्या मातीने माखलेली असते, आणि निम्मे वजन मातीचे असेल तर ते भंगारवाला कशाला उचलेल? मग ती बांधाला ढीग होऊन पडते किंवा पेटवली जाते. उरलेल्या चिंध्यांवर मृगाचा पाऊस येतो. कृष्णा, कोयना आणि वेण्णा इथेच उगम पावतात. या उतारांवरचे पाणी पुढे धोमच्या, कण्हेरच्या, कोयनेच्या जलाशयांत जाते, आणि मातीत राहिलेला तुकडा कुजत नाही, फक्त बारीक होत जातो. ही काळजी काही आपल्यापुरती नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१च्या अहवालात जगातल्या शेतीत दरवर्षी १ कोटी २५ लाख टन प्लॅस्टिक वापरले जाते असा अंदाज दिला. चीनमध्ये शेतात साठत गेलेल्या फिल्मच्या तुकड्यांना ‘पांढरे प्रदूषण’ म्हणतात, आणि अतिपातळ फिल्म गोळाच करता येत नाही म्हणून तिथे २०१८ पासून किमान जाडीची अट वाढवावी लागली. आपल्याकडची विसंगती याहून गमतीदार आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरिबॅग देशात चालत नाही, कारण पातळ पिशवी गोळा होत नाही आणि निसर्गात पसरते. म्हणजे स्ट्रॉबेरी ज्या पिशवीतून घरी न्यायची तिला १२० मायक्रॉनची अट, आणि ती ज्यावर पिकली ते २५ मायक्रॉनचे प्लॅस्टिक मात्र सरकारी अनुदानासह!

अनुदानाचा उल्लेख सहज केलेला नाही, कारण सगळा तराजू तिथेच झुकलेला आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत प्लॅस्टिक मल्चिंगचा खर्च हेक्टरी ३२,००० रुपये धरला होता, डोंगराळ भागासाठी थोडा जास्त, आणि त्याच्या निम्मी रक्कम २ हेक्टरांपर्यंत मिळत असे. म्हणजे साधारण एकरी ६,४०० रुपये. पाचट विकत आणून, कुट्टी करून, घाट चढवून अंथरणाऱ्याला त्याच कामासाठी ही मदत मिळत नाही. मग शेतकरी पेपर निवडतो यात नवल कसले, आणि ती निवड म्हणजे तंत्राची गुणवत्ता सिद्ध झाली असे कसे म्हणता येईल? अनुदान द्यायचे तर झाकलेल्या जमिनीला द्यावे, झाकणाऱ्या प्लॅस्टिकला नव्हे. पहिल्या महिन्याची जादा खुरपणी आणि पाचटाची वाहतूक त्यातून बऱ्याच अंशी निघेल. आणि पेपरला द्यायचेच असेल तर तो परत जमा केल्याच्या पावतीवर द्यावे. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत प्लॅस्टिक आच्छादन चालते, पण हंगाम संपताच ते शेतातून काढण्याच्या अटीवर. एवढीशी अट आपल्या योजनेला जड का व्हावी? ‘जैवविघटनशील फिल्म आली की प्रश्नच मिटेल’ असे काही जण म्हणतात. युरोपने त्यासाठी २०१८ मध्ये मानक केले, आणि त्यातली कसोटी अशी की प्रयोगशाळेतल्या उबदार मातीत दोन वर्षांत ९० टक्के विघटन व्हावे. दरवर्षी नवा थर अंथरणाऱ्या शेतात दोन वर्षे म्हणजे आधीचा थर संपण्याआधी पुढचा. आज कुजणारी वस्तू घाटाखाली जळत असताना उद्या कुजेल अशा वस्तूची वाट पाहण्यात मला अर्थ दिसत नाही.

सगळ्या डोंगराने एका हंगामात पेपर टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या माती-हवेच्या नावावर. त्या मातीवर काय अंथरावे याची चाचणीही इथेच व्हायला हवी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र महाबळेश्वरातच आहे. शेजारी-शेजारी पेपर, पेंढा आणि पाचट अशा तीन वाफ्यांची सलग तीन हंगामांची नोंद ठेवणे विद्यापीठाला अवघड नाही. तोवर स्ट्रॉबेरी करणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती. येत्या ऑक्टोबरात सरीत सगळीकडे पाचट घाला आणि चार वाफे पेपरविना, तीन इंच पाचटाखाली ठेवा. एप्रिलपर्यंत दोन्हीकडचे फळ वेगळे तोला, खुरपणीचे दिवस वेगळे लिहा. मग पाऊस लागण्याआधी उरलेल्या वाफ्यांवरचा पेपर माती झटकून, वेचलेल्या तुकड्यांसकट त्याच काट्यावर ठेवा, आणि एकरी ६५ किलोंतले किती परत आले तेही त्याच वहीत लिहा.